न्यू रेकॉर्डिंग ७

"बॅकअप नव्हता का?"

आमच्या टीम लीडनं फोनवर मला हे विचारलं तेव्हा मी आत्याच्या पडवीत उभी होते. तो समोर नव्हता हे त्याचं नशीब. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात ना, तशातला प्रकार. पण इथे बैल सोडणाराही हाच, आणि वर मलाच विचारतोय की दावं का नव्हतं बांधलं! मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्याच्या सुनेनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, आतून दार लोटून घेतलं, एवढंच सांगते.

आता नीट पहिल्यापासून सांगते. रागात सांगितलं की लोकांना फक्त राग कळतो, झालं काय ते कळत नाही.

मी इन्स्टॉलर लिहिते. तुम्ही कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर घेता, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबता, तेव्हा मागे जे चालतं ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. सुरळीत झालं तर त्याची कुणाला आठवण नाही, अडकलं तर शिव्या आम्हाला. फाइली जागच्या जागी ठेवणं वगैरे ठरलेली कामं विंडोज स्वतः करतं. पण गिऱ्हाइकाला ठरल्यापलीकडचं काही हवं असलं, की आपला कोड लिहून त्या क्रमात मधेच घुसवावा लागतो. त्याला कस्टम अ‍ॅक्शन म्हणतात. मी तो सी-शार्प नावाच्या भाषेत लिहिते, त्याला मॅनेज्ड कोड म्हणतात. धंद्यातली जुनी खोडं त्यावर नाक मुरडतात, मुरडू देत. भानगड ती नाहीच. भानगड ही की तो कोड चालतो तेव्हा त्याच्या हातात अख्ख्या मशीनच्या चाव्या असतात. त्याला कुणी अडवत नाही, काही विचारत नाही. म्हणून तो लिहिणाऱ्यानं डोकं ठिकाणावर ठेवायचं असतं. बारा वर्षं मी ठेवलं.

घर माझं रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. आमची मिठागरं होती, आता घरचे सगळे ट्रकच्या धंद्यात. मी एकटीच ही अशी, दिवसभर स्क्रीनकडे बघून भांडणारी. ऑफिसनं बोलावलं की रेवसहून लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. नाहीतर घरून काम.

आत्या धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. मांडव, चूल, घाणा, तेलवण, हळद, एकेका विधीला एकेक धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं. तिनं तो गायचा आणि मग त्या कामाला हात लावायचा. ती गप्प तर लग्न तिथल्या तिथे उभं. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही, तिच्या सासूनं तिच्या कानात घातलेलं. आणि आत्याचा एक नियम: मांडवाबाहेर धवल्याला तोंड उघडायचं नाही. लहान असताना मी एकदा अंगणात मोठ्यानं गायले तर पाठीत असा धपाटा बसला! "कोनाचा लगीन हाय गं? देवाला उगाच हाका मारतंस?"

दोन वर्षांपूर्वी आत्याचा आवाज बसू लागला. आयुष्यभर मशेरी लावलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल, उशीर करू नका. आत्यानं केला. "ही लग्नसराई उरकू दे, बोलावनी घेतलीत मी." आम्ही सगळे तिच्याशी भांडलो, मी सगळ्यात जास्त. तिनं ऐकलं नाही. शेवटी मी म्हटलं, मरायला चाललीस तर निदान रेकॉर्ड तरी करू दे.

त्यावर तिनं अट घातली. त्याच्या आदल्या वर्षी कुणा उपटसुंभ पोरानं तिचा हळदीचा धवला मोबाईलवर टिपला, त्याखाली ढिंच्याक ढिंच्याक लावलं, आणि ते गाणं धरमतरच्या पुलावर एका ट्रकातून वाजताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ट्रक आमच्याच भावकीतला. दोन दिवस ती जेवली नव्हती. तेव्हापासून ती गायला बसली की सगळे मोबाईल परातीत जमा. मला ती म्हणाली, "एकाच पेटीत ठेवशील, माज्या घरात ठेवशील. दुसरीकडं एक पन गेला न्हाय पायजे." आणि देव्हाऱ्यातली सुपारी माझ्या हातावर ठेवली.

मी शब्द दिला आणि पाळला. दुसरी प्रत केली नाही, ना माझ्याकडे, ना आणखी कुठे. दिवसाला चार वेळा लोकांना 'बॅकअप घ्या' म्हणून सांगणारी बाई मी, पण सुपारी हातात होती. हे त्या टीम लीडला कुठल्या भाषेत समजवायचं, सांगा बरं.

ठेवलं कशात, तर आमच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते बोललेलं टिपून ठेवणारं आहे. डॉक्टर लोक वापरतात, वकील वापरतात. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकता येते, आवाज न बिघडवता सावकाश करता येते. शिकायला सोन्यासारखं. माझा जुना लॅपटॉप आत्याला दिला, त्यावर ते घातलं, आणि त्या लग्नसराईत तो घेऊन तिच्या मागे मागे हिंडले. ती मांडवात बसायची, मी शेजारी चटईवर. एक धवला संपला की सेव्ह करायचं, नाव द्यायचं. तेवीस धवले झाले. पावसाळ्यात ऑपरेशन झालं, आणि आत्याचा आवाज गेला. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून श्वास. ओठ हलतात, शब्द जुळतात, बाहेर काही पडत नाही. लिहायला-वाचायला ती कधी शिकलीच नव्हती.

आता गादी वहिनीकडे यायची होती. वहिनी आमची हुशार, शाळेत पोषण आहार शिजवायला जाते, त्यातून वेळ काढून दुपारी कानात हेडफोन घालून बसायची. आत्याचा नियम इथेही होताच: ऐकायचं, ओठ हलवायचे, पण मांडवाबाहेर आवाज काढायचा नाही. म्हणून वहिनी मुक्यानं शिकत होती. या एप्रिलपर्यंत बारा झाले, अकरा राहिले. मेच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या आळीतल्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि बोलावण्याची सुपारी वहिनीला आली होती. तिचं पहिलं. पंचक्रोशीतल्या बायका बघायला येणार होत्या, सासूची जागा ही चालवते की बुडवते.

आता माझा पराक्रम.

एका इस्पितळानं तक्रार केली होती की सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी पेशंटची टिपणं मशीनवर तशीच राहतात. बरोबर होती तक्रार. टीम लीड म्हणाला, काढताना सगळं पुसणारी कस्टम अ‍ॅक्शन लिहा. नुसतं डिलीट नको. फाइलीवर शून्यं लिहून मग डिलीट, म्हणजे कुणाच्या बापाला परत मिळता कामा नये. मी लिहिली. चांगली लिहिली, हेच तर दुखतं.

पण नवीन आवृत्ती येते तेव्हा इन्स्टॉलर आधी जुनी काढतो, मग नवीन घालतो. जुन्या भाडेकरूनं खोली सोडल्याशिवाय नव्याला आत घेत नाहीत, तसं. आता त्या जुन्याच्या खिशात चिठ्ठी असली की 'जाताना सगळं जाळून जा', तर तो जाळणारच. त्याला काय माहीत, खोलीतलं सामान नव्याला हवंय! म्हणून चिठ्ठीत एक अट घालायची असते: कायमचा जात असशील तरच जाळ, नवीन येतोय म्हणून जात असशील तर हात लावू नको. एक ओळ. ती ओळ मी घातली होती.

टेस्टिंगमध्ये कुठल्याशा आडमार्गानं ती अट चुकीची लागली आणि चार फाइली मागे राहिल्या. रिलीजचा दिवस होता. मी सुट्टीवर होते. टीम लीडचा फोन आला: "अट काढून टाका आत्तापुरती, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." मी म्हटलं, अहो, अपडेट करणाऱ्याचं सगळं जाईल. तो म्हणाला, "अपडेट यायला वर्ष आहे हो." मी म्हटलं, बरं, मग मोडलेलं परत आणणारी जोडीची अ‍ॅक्शन तरी लिहू द्या. तो म्हणाला, "मॅडम, वेळ नाही." आणि मी अट काढली. माझ्या हातानं, माझ्या नावानं, दहा मिनिटांत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पुढच्या आवृत्तीत ती परत घातली आणि मी निर्धास्त झाले. हा सगळ्यात मोठा गाढवपणा. नव्या आवृत्तीत काय वाट्टेल ते सुधारा, जुनी काढताना चालतो तो जुनीचाच कोड! तो आधीच प्रत्येकाच्या मशीनवर, आत्याच्या लॅपटॉपवरही, जाऊन बसलेला. बारा वर्षं हेच काम करते मी, आणि एवढं साधं मला दिसलं नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी वहिनीचा फोन आला. रडत होती. "ताई, त्यानं विचारला अपडेट करू का, मी हो दाबला. आता आत कायच न्हाय. मी काय न्हाय केलं हो, ताई, खरंच." स्कूटर काढून मी दहा मिनिटांत पोचले. फोल्डर धुऊन स्वच्छ. वहिनी कोपऱ्यात उभी, पदर तोंडात. आत्या झोपाळ्यावर बसून आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मी वहिनीला म्हटलं, "तुझी चूक नाही गं." तिला ते पटलं नाही. शेवटचं बटण तिनं दाबलं होतं ना! हा सगळ्यात मोठा हलकटपणा आहे आमच्या धंद्यातला. खड्डा आम्ही खणतो आणि 'येस' दाबायला लावतो तिसऱ्याला, म्हणजे पडणाऱ्याला वाटतं, आपणच पाय घसरून पडलो. त्या विचारानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच आगीत मी टीम लीडला फोन लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लाँच धरून मी ऑफिसात गेले. लग्नाला अकरा दिवस राहिले होते. एसीच्या थंडगार खोलीत तो म्हणाला, "हे डॉक्युमेंटेड बिहेविअर आहे. आणि अट काढल्याची नोंद तर तुमच्या नावावर दिसते." चोराच्या उलट्या बोंबा! पण नोंद खरीच होती. त्यानं सांगितलं होतं तोंडी, मी केलं होतं लेखी. मी टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास पडला, सगळे बघायला लागले. तो शांतपणे टिश्यूनं टेबल पुसत म्हणाला, "पर्सनल फाइल्स कंपनीच्या टूलमध्ये ठेवायच्याच कशाला?" पुसण्यात हा माणूस तरबेज आहे, एवढं मानलं पाहिजे.

मी राजीनामा टाइप केला. पाठवला नाही. त्याला घाबरून नाही. मला त्याच मशीनवरून अजून एक काम करायचं होतं. आत्याच्या लॅपटॉपवरून अपडेटचा लॉग मी घेऊन आले होते, म्हणजे इन्स्टॉलरनं काय काय केलं त्याची ओळीनं नोंद. तो उघडला. माझी एक खोड आहे, माझा कोड बडबड्या असतो, जे करतो ते बोलून दाखवतो. त्यात लिहिलं होतं: पुसली, मांडव. पुसली, उंबराची डहाळी. पुसली, चूल. पुसली, घाणा थोरला. पुसली, घाणा धाकटा. तेवीसच्या तेवीस, एकाखाली एक. आणि खाली: काम यशस्वी.

'यशस्वी' वाचून मला भरल्या ऑफिसात रडू फुटलं. मग मी त्या यादीची प्रिंट काढली.

परतीच्या लाँचमध्ये तो कागद मांडीवर धरून मी वहिनीला येणारी बारा नावं खोडली. अकरा उरली. दहांना नावं होती. अकराव्यासमोर, सगळ्यात शेवटी, लिहिलं होतं: न्यू रेकॉर्डिंग ७. आपण नाव दिलं नाही की सॉफ्टवेअर असंच काहीतरी स्वतः ठेवतं. नाव न देता मी ठेवला कसा? लॉगमध्ये फाइल कधीची तेही होतं. तारीख बघितली, वेळ बघितली, आणि मला लख्ख आठवलं.

खाडीपलीकडच्या गावातलं लग्न. मी सुट्टीवर होते म्हणाले ना, ती सुट्टी त्या लग्नासाठी. तेलवण झालं होतं, आत्या पुढचा धवला म्हणायला लागली, मी रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि फोन वाजला. परातीत टाकला नव्हता मी. रिलीजचा दिवस होता ना, सगळ्यांना नियम आणि मला सूट. आत्याचा लॅपटॉप चटईवर चालू ठेवला आणि ऑफिसचा घेऊन मांडवामागे गेले, पाण्याच्या टँकरच्या सावलीत. तिथे बसून ती अट काढली. परत आले तेव्हा धवला संपला होता. नाव काय द्यायचं? मी ऐकलाच नव्हता. म्हटलं, घरी गेल्यावर ऐकून देऊ. घरी गेल्यावर दिलं नाही. नंतरही दिलं नाही. यंत्रानं ऐकलंय ना, मग आपण कशाला ऐकायचं!

रेवसच्या धक्क्यावर उतरेपर्यंत माझा टीम लीडवरचा राग शिल्लक होता, पण त्याला आता जोडीदार मिळाला होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी पडवीत बसायला लागलो. मी कागदावरचं नाव वाचायची. आत्या डोळे मिटायची, जरा वेळानं तिचे ओठ हलायला लागायचे. वहिनी समोर, तिच्या ओठांवर डोळे रोखून, आपले ओठ तसेच हलवायची. चाल कुठली ते आत्या वहिनीच्या गुडघ्यावर बोटांनी वाजवून सांगायची. चाली चारच, त्या वहिनीला आधीच्या बारांमधून आल्या होत्या. शब्द चुकला की गुडघ्यावर टिचकी. आवाज कुणाचाच नाही. आत्याला काढता येत नव्हता आणि वहिनीला काढायची परवानगी नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, या बायकांना झालंय तरी काय.

मी एकदा न राहवून आत्याला म्हटलं, "अगं, आता तरी तिला आवाज काढू दे. चुकलं तर कळेल तरी." आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं नाव वाचायला घेतलं.

नवलाची गोष्ट ही की नाव वाचलं की सगळा धवला यायचा, पण नावाशिवाय काही यायचं नाही. मी विचारलं, आत्या, तेलवणानंतर कुठला गं? ती डोळे मिटायची, ओठ दोनदा उघडायचे, मिटायचे. आयुष्यभर तिला कुणी यादी विचारली नव्हती. समोर तेलाची वाटी आली की तेलाचा, हळद आली की हळदीचा. आणि हा मधला तर दरवेळी म्हणायचा नसतो म्हणे, काही घरांतच असतो.

मांडवात आत्याच्या मागून ओळ झेलायला एक म्हातारी असायची, ती ऑपरेशनच्याच पावसाळ्यात वारली होती. मी खाडीपलीकडच्या त्या गावी गेले. नवरीच्या आईला विचारलं. तिनं एक सांगितला, तिच्या जावेनं दुसराच, आणि दोन्ही आमच्याकडे होतेच. मग ती म्हणाली, "शूटिंग हाय ना, बघा की." माझा जीव भांड्यात पडला. परातीत मोबाईल जमा व्हायचे, शूटिंगवाल्याचा कॅमेरा थोडाच! टीव्हीवर लावलं. आत्या दिसली, मांडवात, हात हलवत, तोंड उघडत, गळ्याला भोक नसलेली. आणि आवाज? शूटिंगवाल्यानं मूळ आवाज काढून वर सिनेमातलं गाणं चिकटवलेलं! अख्ख्या विधींवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कॅमेरा एकदा बाजूला फिरला तर चटईवर एक लॅपटॉप, आणि शेजारी कुणीच नाही. ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं. नवरीच्या आईनं केलेले पोहे तसेच ठेवून मी निघाले.

लग्नापर्यंत दहा धवले झाले.

लग्नाच्या दिवशी वहिनी हिरव्या साडीत मांडवात बसली. तिच्या बाजूला आत्या, गळ्याला सुती रुमाल. आळीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. काही प्रेमानं आल्या होत्या, काही फजिती बघायला. मोबाईल परातीत जमा झाले. माझा मी सगळ्यात आधी टाकला, बंद करून.

वहिनीनं तोंड उघडलं आणि पहिल्यांदा आवाज बाहेर आला. मला वाटलं होतं आत्यासारखा असेल. नव्हता. जाडसर होता, जरा कापरा, आणि पहिल्या ओळीला ती चक्क बेसूर झाली. एक म्हातारी शेजारणीकडे बघून हसली. माझ्या हाताला शिवशिव सुटली. आत्यानं वहिनीच्या गुडघ्यावर बोटं ठेवली. दुसऱ्या ओळीला आवाज बसला. मांडव झाला, चूल झाली, दोन्ही घाणे झाले. मी चटईवर बसून फक्त ऐकत होते. माझ्या पुढ्यात काही नव्हतं, हात रिकामे होते, कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

तेलवण झालं. बायकांनी हळदीच्या वाट्या उचलल्या. वहिनीनं श्वास घेतला आणि आत्यानं हात वर केला.

वहिनी थांबली. बायका थांबल्या. आत्याची मान कलली होती, डोळे नवरीच्या आईच्या हातातल्या वाटीवर. तिची बोटं गुडघ्यावर एकदा वाजली, दोनदा वाजली, तिसऱ्यांदा अर्ध्यातच राहिली. तोंड उघडं होतं. मला वाटलं, आलं. आता आलं. वहिनी तिच्या ओठांवर डोळे लावून बसली होती, पापणीसुद्धा लवत नव्हती.

काही आलं नाही. आत्यानं हात खाली केला आणि वहिनीनं हळदीचा धवला उचलला. बायकांना वाटलं, म्हातारीला ठसका लागला असेल. हळद छान झाली. मघाशी हसलेली म्हातारी शेवटी उठून वहिनीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडून गेली.

पंगत उठल्यावर आत्या मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. मी पाणी घेऊन गेले. तिनं पेला बाजूला ठेवला आणि माझं मनगट धरलं. आता तिचे ओठ मलाही वाचता येत होते.

"त्यातला एक ऱ्हायला," ती म्हणाली. "खाडीपल्याडच्या लग्नात म्हटलेला मी. कुठला गं तो? तू तर होतीस ना, बाय."

कितीतरी उत्तरं माझ्या तोंडाशी आली. कंपनी, टीम लीड, ती अट, तो शूटिंगवाला. सगळी खरीच होती.

मी म्हटलं, "मी मांडवामागं होते, आत्या. ऑफिसचा फोन आला होता."

मग सावकाश, मला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, ती म्हणाली, "म्हंजे माज्या शेजारी कोनीच न्हवता?"

मी मान डोलावली. तिनं माझं मनगट सोडलं. तिची हळद माझ्या हाताला लागली होती.